बाळंतपण कोण करणार?



मंडळाच्या कामामुळे आमचा फोन नंबर बऱ्याच घरी पोचला आहे. गणपतीची वर्गणी कुठे द्यायची, दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटे शिल्लक आहेत का, मराठी शाळा किती वाजता भरते, असे नेहमीचे प्रश्न येतात आणि आम्ही यथाशक्ती उत्तरे देतो. पण अलीकडे एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. "अहो, प्लेनोत किंवा फ्रिस्कोकडे बाळंतिणीला मालीश करणारी कुणी बाई माहीत आहे का? घरी येऊन सगळं आयुर्वेदिक पद्धतीनं करणारी?" सगळं म्हणजे काय, असे विचारले की यादी येते : तेल लावणे, शेक, पोट बांधणे, काढा, लाडू, बाळाची अंघोळ, धुरी. ह्या सगळ्याचे आता 'पॅकेज' मिळते. एका घराला सांगितलेला आकडा ऐकल्यावर आम्ही फोन दुसऱ्या कानाला लावून पुन्हा एकदा विचारून घेतला होता.

ह्या विषयावर मंडळात दोन तट आहेत. एक म्हणतो, "आपल्या आज्यांना कळत होतं ते इथल्या डॉक्टरांना काय कळणार?" दुसरा म्हणतो, "अहो, कुठल्या जमान्यात आहात? हॉस्पिटलनं दिलेल्या गोळ्या घ्या आणि मोकळे व्हा." आम्ही पोटापाण्यासाठी रसायनशास्त्र करतो, त्यामुळे दोन्ही तट आम्हाला आपल्या बाजूचे धरून चालतात आणि थोड्या वेळाने दोन्ही रागावतात. म्हणून काय वाटते ते एकदा लिहूनच टाकावे म्हटले.

आधी आपल्या भाषेतली एक गोष्ट. मूल होते ती बाई 'बाळंत होते'. पण बाळंतपण 'करते' ती दुसरीच कोणीतरी. "आईनं माझी दोन बाळंतपणं केली," "मामींनी तिचं बाळंतपण काढलं," असे आपण सहज म्हणतो. म्हणजे आपल्या मराठीने हे काम पहिल्यापासूनच दुसऱ्या माणसाच्या नावावर टाकलेले आहे. तेल, काढा, लाडू ही त्या माणसाच्या हातातली साधने झाली. प्लेनोत आपल्याकडे तेलही आहे आणि लाडूही आहेत. पटेल ब्रदर्समध्ये अळीव मिळतात, डिंक मिळतो, सुंठही मिळते. इथे नाही तो करणारा माणूस. आमचे सगळे म्हणणे ह्या एका वाक्यात आहे. पुढचे सगळे त्याचा विस्तार.

आमच्याच घरची हकीकत सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे बाळ आले तेव्हा सौ.च्या आई भारतातून आल्या. त्यांच्या बॅगेत लाडवांचे डबे होते, जुनी मऊ लुगडी होती आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत तपकिरी पूड होती. ओळखीच्या वैद्यांनी खास करून दिलेली. पिशवीवर ना नाव, ना घटक, ना तारीख. आम्ही पिशवी हातात घेतली आणि जे बोलू नये ते बोललो. "ह्यात काय आहे ते कळल्याशिवाय हे पोटात जाणार नाही." म्हणणे बरोबर होते, पण सांगायची तऱ्हा साफ चुकली. आई काही बोलल्या नाहीत. पिशवी परत बॅगेत गेली आणि दोन दिवस घरात शांतता नांदली. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पूड राहू दे. पण मग मी इथं कशाला आले ते तरी सांगा."

त्याचे उत्तर आठव्या दिवशी मिळाले. सौ.चे डोके दुखत होते. आम्ही म्हटले, जागरण. सौ.ही म्हणाली, जागरण. आई सकाळपासून तिच्याजवळ बसून होत्या. त्या म्हणाल्या, "हे जागरणाचं दुखणं नाही. हिचा चेहरा कालच्यापेक्षा सुजलाय आणि ही डोळ्यांपुढं चमकतं म्हणते. डॉक्टरांना फोन करा." घरात रक्तदाब मोजायचे यंत्र होते. आकडा आला १६८ वर १०४. तासाभरात आम्ही हॉस्पिटलात होतो. बाळंतपणानंतरही रक्तदाब असा चढू शकतो, त्यातून झटके येऊ शकतात, आणि बाळ जन्मले म्हणजे धोका संपला असे नाही, हे घरी जाताना मिळालेल्या कागदांत छापलेले होते. ते कागद आम्ही फाईलला लावून ठेवले होते. सौ. दोन दिवसांनी बरी होऊन घरी आली. डॉक्टरेट आमच्याकडे होती, पण नजर आईंकडे होती. ही नजर कुठल्या पिशवीत मिळत नाही. दिवसभर जवळ बसल्याने ती येते.

आता ग्रंथ काय म्हणतात ते पाहू, कारण 'शास्त्रात सांगितलंय' हे वाक्य फार ऐकू येते. चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकागाराचे, म्हणजे बाळंतखोलीचे वर्णन आहे. तिथे काय काय जमवून ठेवावे ह्याची मोठी यादी आहे. तूप, तेल, मध, मीठ, पिंपळी आणि बरेच काही. त्याच यादीत माणसेही आहेत. स्वतः अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, प्रसंग ओळखून वागणाऱ्या, न घाबरणाऱ्या, कष्ट सोसणाऱ्या आणि त्या बाळंतिणीला आवडणाऱ्या अशा पुष्कळ बायका तिथे असाव्यात असे चरक सांगतो. त्यातले 'पुष्कळ' आणि 'तिला आवडणाऱ्या' हे दोन शब्द आम्हाला महत्त्वाचे वाटतात. प्रसूतीनंतर पचेल तेवढे स्नेहपान, पोटाला तेल लावून मोठे वस्त्र गुंडाळणे, पातळ पेज आणि पाच-सात दिवसांनी हळूहळू पौष्टिक आहार, असा क्रम आहे. बाळंतिणीला झालेला आजार बरा करणे कठीण असते, म्हणून तिला फार जपावे, हेही तिथेच आहे. सुश्रुताने दीड महिना पथ्य सांगितले आहे, त्यानंतर तिला सूतिका म्हणू नये. आपला सव्वा महिना आणि इथल्या डॉक्टरांची सहा आठवड्यांची भेट ही दोन्ही त्याच सुमाराला येतात, हे पाहून आम्हाला मौज वाटली. काश्यपसंहितेत तर देश बदलला की बाळंतिणीचे उपचारही बदलतात असे सांगितले आहे. म्हणजे फलटणला जे जसे केले ते तसेच प्लेनोत करा, असा हट्ट ग्रंथांचासुद्धा नाही.

अमेरिकेत राहून ह्या विषयाकडे पाहणारे आपण पहिले मराठी लोकही नव्हे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसच जगले. पुढच्याच वर्षी, १८८७ साली, त्या स्वतःही गेल्या. परंपरा आणि नवे वैद्यक ह्यांपैकी एकच निवडा, असे ज्यांना वाटते त्यांनी ह्या बाईंची आठवण ठेवावी. त्यांनी दोन्हींचा अभ्यास केला होता.

आता आमच्या विषयाकडे वळतो. बाळंतपणातल्या गोष्टींचे आम्ही तीन ढीग करतो : ठेवायच्या, बदलून घ्यायच्या आणि टाकायच्या.

ठेवायचा ढीग सर्वांत मोठा आहे. मऊ भात, तूप, मेतकूट, मुगाचे वरण, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हे सगळे ताजे, गरम आणि अंगी लागणारे अन्न आहे. अळिवात लोह भरपूर असते, आणि बाळंतपणात रक्त गेलेले असते. अळिवावर लिंबू पिळले तर त्यातले लोह शरीराला अधिक मिळते. हलक्या हाताने तेल लावणे, गरम पाण्याची अंघोळ, दुपारची झोप, घरात येणाऱ्यांची गर्दी आवरणे ह्यांतले काहीही कुठल्या डॉक्टरला खटकणार नाही. मेथीबद्दल मात्र एक सूचना. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर मेथीचे लाडू डॉक्टरांना विचारून खावेत. मेथीत सोटोलोन नावाचे द्रव्य असते आणि मेपल सिरपचा वास त्याच्यामुळेच येतो. मेथी खाल्लेल्या आईच्या घामाला आणि बाळाच्या लघवीलाही तो वास येऊ शकतो. त्याच वासाचा एक गंभीर आजार लहान बाळांत असतो, त्यामुळे इथले डॉक्टर बुचकळ्यात पडल्याची उदाहरणे आहेत. मेथी खाल्ली असेल तर सांगून टाकावे, म्हणजे सगळ्यांचाच जीव भांड्यात पडेल. खसखशीचेही तसेच आहे. लाडवातल्या खसखशीमुळे लघवीच्या तपासणीत अफूजन्य द्रव्य दिसू शकते. २०२३ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस टाळा असे कळवले ते ह्याच कारणाने. बाळंत होण्याआधीच्या आठवड्यांत खसखस वगळलेली बरी. लाडू तिच्यावाचून अडत नाही.

बदलून घ्यायचा ढीग : शेक आणि धुरी. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची पद्धत कौलारू घरातली. त्या घराला फटी होत्या, वारा खेळत होता. इथली घरे डब्यासारखी बंद. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला रंग नाही की वास नाही. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्ससमध्ये वीज गेली तेव्हा लोकांनी घरात कोळसा पेटवला, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या. ह्या वायूने १,४०० हून अधिक लोकांना दवाखाना गाठावा लागला आणि किमान ११ जण गेले. तेव्हा शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी, कपड्यात गुंडाळून. ओवा-बाळंतशोपांची धुरी बाळाच्या खोलीत नको. तान्ह्या फुप्फुसांना धूर तो धूरच, मग तो ओव्याचा का असेना. आणि जुलै महिन्यात बाहेर १०० च्या वर पारा असताना 'वारा लागेल' म्हणून एसी बंद करून बाळंतिणीला स्वेटर घालू नये, ही हात जोडून विनंती. पोट बांधण्याबद्दलही सांगायला हवे. इथे तीनातले एक बाळंतपण सिझेरियनने होते. टाके असतील तर पोटाला तेल आणि पट्टा डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. एकाच पायाची पोटरी दुखत असेल, सुजली असेल, तर ती कधीही चोळू नये. तिथे रक्ताची गाठ असू शकते.

टाकायचा ढीग लहान आहे, पण त्यावरच सगळी भांडणे होतात. बिननावाच्या पुड्या, ज्यांत भस्म आहे अशी औषधे, आणि बाळाला चाटवायचे जे जे काही ते सगळे. आम्ही पिशवीवरून भांडलो त्याचे कारण सांगतो. बॉस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने २००४ साली तपासली गेली. पाचातल्या एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. २००८ साली इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ औषधांची तपासणी झाली तेव्हाही प्रमाण साधारण तेच आले. त्यात अमेरिकेत बनलेलीही औषधे होती. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले. सहाही जणींनी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेतली होती.

"काढा चांगला उकळला की काही राहत नाही," असे एकदा आम्हाला ऐकवण्यात आले. जंतूंच्या बाबतीत ते बरेचसे खरे. पण शिसे हे मूलद्रव्य आहे. ते उकळून मरत नाही की उडून जात नाही. पाणी आटते आणि शिसे भांड्यातच राहते, म्हणजे काढा जितका दाट तितके ते अधिक. चवीला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि अंगावर पाजण्याच्या दिवसांत हाडांतले कॅल्शियम निघू लागले की त्याच्याबरोबर तेही बाहेर येते. आईने वर्षापूर्वी घेतलेली पुडी अशी बाळापर्यंत पोचू शकते. वैद्यांवर आमचा अविश्वास नाही. अविश्वास आहे तो न लिहिलेल्या लेबलावर. कोणी अशी औषधे आधीच घेतली असतील तर घाबरू नये, लपवूही नये. डॉक्टरांना सांगून रक्तातले शिसे तपासून घ्यावे. साधी तपासणी आहे.

बाळाचे म्हणाल तर पहिले वर्षभर मध नाही, बोटावर चाटवण्यापुरताही नाही. मधात एका जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्या आतड्यात ती विष तयार करतात. २०१८ साली आपल्याच टेक्ससमध्ये मध भरलेल्या चोखण्यांमुळे चार बाळांना हॉस्पिटलात ठेवावे लागले होते. गुटी नको, काजळही नको, काजळात शिसे सापडले आहे. गुटीतल्या वेखंडात बीटा-असारोन असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झाला, म्हणून १९६८ पासून अमेरिकेत वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. आपण सगळे गुटी घेऊनच मोठे झालो हे कबूल. आपण सीट बेल्टशिवायही मोठे झालो.

आता पैसे देऊन येणाऱ्या बायांविषयी. ही सेवा वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. काही जणी फार मायेने आणि नीटनेटके काम करतात, आणि चांगल्या कामाला चांगले दाम मिळालेच पाहिजे. पण बोलावण्याआधी काही माहिती हवी. टेक्ससमध्ये दाम घेऊन मालीश करायला राज्याचा परवाना लागतो, त्यासाठी ५०० तासांचे शिक्षण असते, आणि परवाना खरा आहे का ते कोणालाही पाहता येते. आयुर्वेदाचा उपचार करण्यासाठी मात्र अमेरिकेतल्या कुठल्याच राज्यात परवाना नाही. भारतातली बी.ए.एम.एस. ही पदवी अभ्यासाची खूण आहे, पण इथे ती वैद्यकीय परवाना ठरत नाही. म्हणून तीन प्रश्न विचारावेत. परवाना आहे का? पोटात द्यायचे जे काही आहे त्यावर छापील लेबल आहे का? आणि "कधी डॉक्टरांकडे पाठवाल?" तिसऱ्या प्रश्नाला जिच्याकडे पटकन उत्तर आहे ती बाई कामाची. "माझ्या काढ्यानं सगळं बरं होतं" असे म्हणणारीला चहा पाजून निरोप द्यावा.

आणखी एक नाजूक गोष्ट. मुलाकडे राहायला आलेल्या एखाद्या काकू शेजारच्या घरी बाळंतिणीला तेल लावायला जातात आणि त्यांच्या हातावर काही डॉलर ठेवले जातात. देणाऱ्याच्या मनात आदर असतो, हे आम्ही जाणतो. पण पाहुण्यांच्या व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. चूक झाली तर देणाऱ्याचे फारसे बिघडत नाही, पण काकूंचे पुढचे येणे बंद होऊ शकते. ज्यांनी आपल्यासाठी हात चालवले त्यांनाच अडचणीत आणू नये.

मग करायचे काय? मूळ अडचण अशी आहे. इथे १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी. तीही पन्नास माणसांवरच्या कंपनीत आणि नोकरीला वर्ष झाले असेल तर. भारतात २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे. बापाची पगारी रजा कंपनीच्या मर्जीवर. आजी येणार असेल तर व्हिसाची तारीख, तिचे गुडघे, तिचा विमा आणि मागे राहिलेल्या आजोबांचे पथ्य, इतकी गणिते सुटावी लागतात. सुटली नाहीत तर सकाळी आठला दार बंद होते आणि टाके पडलेली, रात्रभर जागलेली एक मुलगी तान्ह्या बाळाबरोबर दिवसभर एकटी असते. तिच्याजवळ पॅकेज असो वा नसो, आपल्याला काळजी वाटली पाहिजे ती ह्याची. ह्या देशात गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक बाळंतपणानंतर एक आठवडा ते एक वर्ष ह्या काळात होतात, आणि त्यांतले बहुसंख्य टाळता येण्याजोगे असतात, असे सरकारी तपासणीतच दिसले आहे. साधारण आठांतल्या एकीला बाळंतपणानंतर उदासपणाचा आजार होतो. आपल्याकडे त्याला 'नखरे' म्हणायची पद्धत होती. ती पद्धत मात्र टाकायच्या ढिगात सर्वांत वर ठेवावी.

म्हणून आमची मंडळाला सूचना आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ती मांडणार आहोत. सभासदांच्या घरी बाळ आले की सहा आठवडे आठवड्याला दोन डबे पोचावेत. एकूण बारा डबे झाले. सहा घरांनी दोन-दोन डबे केले की भागले. डबा दारात ठेवून निघून यायचे, बाळ बघायला आत बसायचे नाही. दुसरे, पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड कोणीतरी दोन तास त्या घरी जावे. बाळाला घ्यावे, म्हणजे आईला अंघोळ आणि झोप मिळेल. ज्या घरी जायचे त्या घरच्या बाळंतिणीने आधी होकार द्यावा, आणि कोण आलेले चालेल तेही तिनेच सांगावे. चरकाची अट आहे ती. तिसरे, मंडळाने रक्तदाब मोजायची दोन यंत्रे घ्यावीत आणि ती एका घरातून दुसऱ्या घरी फिरावीत. चौथे, फ्रिजवर लावायला मराठीत एक कागद छापावा. त्यावर एवढेच : न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, छातीत दुखणे, दम लागणे, १००.४ किंवा त्याहून जास्त ताप, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, एका पायाला सूज व वेदना, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार. ह्यांतले काहीही झाले तर डॉक्टरांना लगेच फोन, आणि श्वास, छाती किंवा शुद्ध ह्यांचा प्रश्न असेल तर थेट ९११. मनाच्या त्रासासाठी बाळंतिणींची राष्ट्रीय मदतवाहिनी २०२२ पासून आहे. तिचा नंबर १-८३३-८५२-६२६२, फोन फुकट आहे आणि रात्रीही उचलतात.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. "लोकांच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं?" म्हणूनच आधी होकार घ्यायचा. "आम्हाला वेळ कुठे आहे?" वर्षातून दोन डब्यांचा वेळ ज्याला नाही त्याने निदान यंत्राला वर्गणी द्यावी. "काही चुकलं तर मंडळावर येईल." म्हणूनच मंडळाने औषध द्यायचे नाही, मालीश करायची नाही, सल्ला द्यायचा नाही. डबा द्यायचा, बाळ सांभाळायचे आणि नजर ठेवायची. आणि "हे बायकांचं काम" असे ज्यांच्या मनात येईल त्या पुरुषमंडळींना आमचे एवढेच सांगणे, की वरण-भात शिजवायला आणि बाळ खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायला कसलाही परवाना लागत नाही. पहिल्या डब्याला आमचे नाव लिहून घ्यावे. वरण जमते, पोळ्या विकतच्या असतील.

गणपतीला आपण तीनशे माणसांचा महाप्रसाद करतो. पानात मीठ कमी पडले तर चार हात पुढे येतात. त्याच मंडळातल्या एका घरी कोणी बाळंतीण दुपारी तीनपर्यंत उपाशी बसलेली असेल आणि आपल्याला पत्ताही नसेल, तर आपल्या उत्साहात काहीतरी राहून गेले आहे.

सौ.च्या आई पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत पिशवी नव्हती. लाडू होते, खसखस वगळून. आमच्या गल्लीतल्या एका बाळंतिणीकडे त्या रोज तासभर जाऊन बसत. काय करता तिथं, असे विचारले तर म्हणाल्या, "काही नाही. ती झोपते, मी बघत बसते."

सभेला जरूर यावे. ह्या विषयावर मतभेद असतील तर तेही घेऊन यावे.

— मंडळाचा एक स्वयंसेवक, प्लेनो